स्पोर्ट्‌स बाइकला ऑइल कोणते? किमतीआधी डब्यावरची अक्षरे वाचा

धारणी : परतवाडा मागे पडले की सातपुड्याची चढण सुरू होते. घटांग, सेमाडोह, हरिसाल अशी गावे घेत मेळघाटच्या जंगलातून हा रस्ता धारणीला पोहोचतो. अमरावती-अकोल्याकडील तरुणांचा सुटीच्या दिवशीचा हा आवडता मार्ग. धारणी तालुक्यातील तरुणांसाठी मात्र तो रोजच्या गरजेचा. याच चढणीवर एखाद्या स्पोर्ट्‌स बाइकचे इंजिन एकाएकी जोराने ओरडू लागते, आरपीएमचा काटा सरसर वर जातो, पण वेग काही वाढत नाही. थोड्याच वेळात जळका वासही येऊ लागतो. इंजिन गेले, या कल्पनेने चालकाच्या पोटात गोळा येतो. वास्तविक इंजिन धडधाकट असते, घसरत असतो तो क्लच. आणि चार दिवसांपूर्वीच ऑइल बदलले असेल, तर संशयाची पहिली सुई त्याच्याकडेच वळायला हवी. ऑइल नामांकित कंपनीचे असते, सिंथेटिक असते, महागही असते. फक्त ते मोटारीचे असते.

‘सिंथेटिक घ्यावे की साधे?’ हा प्रश्न दुचाकीस्वार हमखास विचारतात. तो चुकीचा नाही. मात्र तो पहिला प्रश्न नव्हे. हे ऑइल क्लचला चालेल का, त्याचा दाटपणा कंपनीने सांगितल्याप्रमाणे आहे का आणि त्याची प्रत किमान अटीत बसते का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच सिंथेटिकचा विचार करणे योग्य. ही तिन्ही उत्तरे ऑइलच्या डब्यावर छापलेली असतात. ती वाचण्याची सवय मात्र आपल्याकडे फारशी नाही.

एकच ऑइल, तीन कामे

मोटारीत इंजिनाचे ऑइल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे असते. क्लच तर ऑइलपासून दूर, कोरडाच ठेवलेला असतो. बहुतेक मोटारसायकलींत तशी सोय नसते. जागा कमी असल्याने इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांनाही एकाच ऑइलवर भागवावे लागते.

या तिघांच्या मागण्या मात्र परस्परविरोधी आहेत. पिस्टन, बेअरिंग आणि कॅमशाफ्ट यांना घर्षण शक्य तितके कमी हवे असते. क्लचच्या प्लेटा ऑइलमध्ये बुडूनही एकमेकींना घट्ट धरतात त्या घर्षणाच्याच बळावर. म्हणजे त्यांना ते पुरेसे हवे असते. गिअरचे दात तर ऑइल अक्षरशः चिरडतात. ऑइलचा दाटपणा टिकवण्यासाठी त्यात लांब साखळीचे पॉलिमर मिसळलेले असतात. दातांच्या कात्रीत या साखळ्या तुटतात आणि ऑइल हळूहळू पातळ होत जाते. गिअर पूर्वीसारखे मऊ पडेनासे होणे हे त्याचे पहिले लक्षण असते. म्हणूनच मोटारसायकलचे ऑइल हे मोटारीच्या ऑइलची लहान बाटली नव्हे. ते मुळातच वेगळ्या हिशेबाने बनवलेले असते.

‘जासो’ची अक्षरे

हा फरक ठळक झाला तो १९९० च्या दशकात. इंधन वाचवण्यासाठी मोटारींच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने मिसळण्याचे प्रमाण वाढले. मोलिब्डेनमची संयुगे हे त्यांचे एक उदाहरण. मोटारींना त्याचा लाभ झाला, मोटारसायकलींचे क्लच मात्र घसरू लागले. अखेर १९९८ मध्ये जपानच्या ‘जासो’ या वाहन मानक संघटनेने चार-स्ट्रोक मोटारसायकलींच्या ऑइलसाठी ‘टी ९०३’ हे स्वतंत्र मानक तयार केले.

या मानकात ऑइलची चाचणी प्रत्यक्ष क्लच प्लेटांवर घेतली जाते. घर्षण पुरेसे राहिले तर ऑइलला ‘एमए’ हा वर्ग मिळतो. कमी पडले तर ‘एमबी’. पुढे २००६ च्या सुधारणेत ‘एमए’चे ‘एमए१’ आणि ‘एमए२’ असे दोन भाग करण्यात आले. त्यात ‘एमए२’ची पकड अधिक असते. ज्या गाडीच्या पुस्तिकेत ‘एमए’ लिहिले आहे, तिला ‘एमए२’ चालते. ‘एमबी’ हे मुख्यतः आपोआप गिअर पडणाऱ्या स्कूटरसाठी असते, कारण तिचा क्लच ऑइलमध्ये नसतो. स्कूटरसाठी आणलेली बाटली घरात शिल्लक आहे, म्हणून ती ऑइलमध्ये बुडलेला क्लच असणाऱ्या स्पोर्ट्‌स बाइकमध्ये ओतणे ही मोठी चूक ठरू शकते. ‘एमबी’ हा वर्ग चालेल की नाही, याचा निर्णय पुस्तिकाच देईल.

एक बाब लक्षात घ्यायला हवी. ‘एमए२’ हा घर्षणाचा वर्ग आहे, दर्जाचे प्रशस्तिपत्र नव्हे. साधे खनिज ऑइल ‘एमए२’ असू शकते आणि अत्यंत महाग सिंथेटिक ऑइलला या वर्गाची नोंदणीच नसू शकते. उलट मोटारीच्या ऑइलच्या डब्यावर इंधन किंवा ऊर्जा बचतीची मोहोर दिसली, तर मोटारसायकलीसाठी ती धोक्याची सूचना मानावी.

दोन आकड्यांचा अर्थ

त्यानंतर येतो दाटपणा. ‘१०डब्ल्यू-४०’, ‘१५डब्ल्यू-५०’, ‘२०डब्ल्यू-५०’ हे आकडे अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गवारीतले आहेत. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. आकडा जितका लहान, तितके थंडीत वाहणे सोपे. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सियसला ऑइल किती दाट राहते ते दाखवतो. ‘४०’ या वर्गाचे ऑइल त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स, तर ‘५०’ या वर्गाचे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स इतके दाट असते.

थंडीच्या आकड्याची चाचणी कोणत्या तापमानाला होते, हे कळले तर वऱ्हाडातल्या वाचकाला नवल वाटेल. ‘१०डब्ल्यू’ ऑइल उणे २५ अंशांना, तर ‘२०डब्ल्यू’ उणे १५ अंशांना तपासले जाते. चिखलदऱ्याच्या कडाक्याच्या थंडीतही पारा त्याच्या जवळपास फिरकत नाही. म्हणजे केवळ ‘५डब्ल्यू’ किंवा ‘०डब्ल्यू’ या आकड्यासाठी जास्त पैसे मोजणारा वऱ्हाडी दुचाकीस्वार येथे कधीच न येणाऱ्या हिवाळ्याची किंमत देत असतो. पहाटे इंजिन सुरू करताना पातळ ऑइल थोडे लवकर वर पोहोचते, एवढा लाभ असतो. पण आपल्या हवामानात तो निर्णायक नाही. येथे खरे महत्त्व दुसऱ्या आकड्याला आहे.

वऱ्हाडचे ऊन आणि इंजिनाची उष्णता

मे २०२४ मध्ये अकोल्याचे तापमान ४५ अंशांच्या पुढे गेले आणि जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले होते. इतक्या उन्हात ऑइल अधिक दाट हवे, असा समज त्यामुळे साहजिक ठरतो. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच.

रेडिएटर असलेल्या स्पोर्ट्‌स बाइकमध्ये थर्मोस्टॅट आणि पंखा पाण्याचे तापमान ठरावीक मर्यादेत राखतात. बाहेर ३० अंश असो वा ४५, ऑइलच्या तापमानातील फरक तुलनेने कमी राहतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला मात्र बाहेरची उष्णता थेट जाणवते. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागे एकाला बसवून सावकाश चढताना तर वाराही पुरेसा लागत नाही. अशा वेळी ऑइल तापते, पातळ होते आणि बेअरिंगवरचा त्याचा थर झिरझिरीत होतो.

यावर उपाय मनाने दाट ऑइल भरण्याचा नाही. पुस्तिकेत बहुधा तापमानानुसार कोणती ग्रेड चालेल याचा तक्ता असतो. त्यात ‘१०डब्ल्यू-४०’ आणि ‘२०डब्ल्यू-५०’ या दोन्ही ग्रेड दिलेल्या असतील, तर उन्हाळ्यात दुसरी निवडायला हरकत नाही. तक्त्यात एकच ग्रेड असेल, तर ती मोडू नये. इंजिनातील फटी, ऑइल पंप आणि जाळ्या त्या दाटपणाचा विचार करूनच आखलेल्या असतात. ‘केटीएम ३९० ड्यूक’च्या ३७३ सीसी इंजिनाला कंपनीने ‘१५डब्ल्यू-५०’ सांगितले, तर ‘यामाहा आर१५’साठी ‘१०डब्ल्यू-४०’ सुचवले जाते. दोन्ही गाड्या पाण्यावर थंड होणाऱ्या आहेत, दोन्ही याच रस्त्यावर धावतात. तरीही ग्रेड वेगळी. शेजाऱ्याच्या गाडीला चालते ते आपल्या गाडीलाही चालेल, या तर्काला येथे आधार नाही.

‘एपीआय’ची प्रत

तिसरी खूण ‘एपीआय’ या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची. पेट्रोल इंजिनासाठीच्या वर्गांची सुरुवात ‘एस’ने होते आणि पुढचे अक्षर जितके पुढचे, तितकी प्रत नवी. ‘एसएल’ २००१ मध्ये आली, ‘एसएम’ २००४ मध्ये, ‘एसएन’ २०१० मध्ये आणि ‘एसपी’ २०२० मध्ये. ‘एसक्यू’ ही प्रत २०२५ मध्ये लागू झाली. पुस्तिकेत ‘एसएल किंवा त्यावरील’ असे लिहिले असेल, तर नवी प्रत वापरता येते.

मात्र या चाचण्या मोटारींच्या इंजिनांवर घेतल्या जातात. त्यात मोटारसायकलीचा ओला क्लच नसतो. म्हणून ‘एसपी’ हे अद्ययावत अक्षर क्लचविषयी काहीही सांगत नाही. शिवाय धुराड्यातील उत्प्रेरक यंत्रणा टिकावी म्हणून मोटारींच्या पातळ ऑइलमधील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा घालण्यात आली. हाच फॉस्फरस झीज रोखणाऱ्या रसायनाचा घटक आहे. जासोच्या मानकात तो ०.०८ ते ०.१२ टक्के असावा लागतो. मोटारीच्या ऑइलमधली कमाल मर्यादा ती येथली किमान मर्यादा! एपीआय आणि जासो या दोन्ही खुणा एकत्र का पाहाव्यात, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

‘सिंथेटिक’ म्हणजे नेमके काय?

या तीन पायऱ्या पार केल्यावर सिंथेटिकचा विचार येतो. कोणत्याही ऑइलचा मोठा हिस्सा मूळ तेलाचा असतो आणि उरलेला रसायनांचा. मूळ तेलाचे पाच गट मानले जातात. पहिले दोन गट खनिज तेल शुद्ध करून मिळणारे. तिसरा गटही खनिज तेलापासूनच बनतो. पण उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याच्या रेणूंची जवळजवळ पुनर्रचना केली जाते. चौथा गट ‘पीएओ’ या कारखान्यात घडवलेल्या द्रवाचा, तर एस्टर पाचव्या गटात येतात.

पूर्वी शेवटच्या दोन गटांनाच सिंथेटिक म्हणण्याचा प्रघात होता. तिसऱ्या गटाच्या तेलाला ते नाव द्यावे का, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात जाहिरातीचा वाद झाला. १९९९ मध्ये तेथील जाहिरातविषयक स्वनियमन मंडळाने कॅस्ट्रॉलची बाजू ग्राह्य धरली. तेव्हापासून ‘सिंथेटिक’ हा शब्द व्यापक झाला. ‘फुली सिंथेटिक’ असे लिहिलेले दोन डबे आतून बरेच वेगळे असू शकतात ते यामुळेच. ‘सेमी सिंथेटिक’ या शब्दातूनही त्यात सिंथेटिकचा वाटा किती, याचा बोध होत नाही.

तरीही सिंथेटिकचे लाभ खरे आहेत. त्याचे रेणू एकसारखे असल्याने उष्णतेत ते कमी उडते. परिणामी ऑइलची पातळी लवकर खाली जात नाही. प्राणवायूशी संयोग होऊन चिकट काळा थर बसण्याची क्रिया मंदावते. तापमान बदलले तरी दाटपणा तुलनेने स्थिर राहतो, म्हणून पॉलिमर कमी लागतात. पॉलिमर कमी, म्हणजे गिअरच्या दातांत तुटायलाही कमी. मोटारसायकलीच्या दृष्टीने हा लाभ सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल.

कोणाला परवडेल, कोणाला नाही?

सिंथेटिक ऑइलची किंमत खनिज ऑइलच्या दुप्पट-तिपटीपर्यंत जाते. ती कोठे वसूल होते, हे इंजिनाच्या कामावर अवलंबून आहे. ‘आर१५’च्या चौथ्या आवृत्तीचे इंजिन आपली पूर्ण ताकद १०,००० आरपीएमला देते. इतक्या वेगाने फिरणारे, जास्त दाबाचे इंजिन आणि त्यात जेमतेम लिटरभर ऑइल. त्या प्रत्येक थेंबावर पडणारा ताण मोठा असतो. अशा गाडीला, विशेषतः ती घाटात किंवा लांब पल्ल्यावर धावत असेल, तर सिंथेटिकचा खर्च योग्य ठरतो. कंपनीनेच ते सांगितले असेल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. हमीच्या काळात तर नाहीच.

याउलट गावातल्या गावात फिरणाऱ्या १०० सीसीच्या गाडीला योग्य ग्रेडचे साधे ऑइल वेळेवर बदलणे पुरेसे आहे. १५०-१६० सीसीच्या, हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांसाठी सेमी सिंथेटिक हा मधला मार्ग ठरू शकतो. नव्या गाडीत पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत कंपनीने भरलेले ऑइलच राहू द्यावे.

जुन्या गाडीत सिंथेटिक भरले की सील गळू लागतात, अशी एक समजूत आहे. आजची ऑइल सील खराब करत नाहीत. सील आधीच झिजलेले असेल, तर साचलेला मळ निघाल्यावर गळती दिसू लागते, इतकेच. इंजिनातून ऑइल जळत असलेल्या गाडीत मात्र महागडे ऑइल ओतणे व्यर्थ; आधी दुरुस्ती करावी.

सुटे ऑइल, बनावट डबे

खेड्यापाड्यांत ट्रॅक्टर आणि जीपसाठी डिझेल इंजिनाचे ऑइल सहज मिळते, काही ठिकाणी पिंपातून सुटेही विकले जाते. ते दाट दिसते, स्वस्त पडते, म्हणून मोटारसायकलीत भरण्याचा मोह होतो. डिझेलच्या अनेक ऑइलमध्ये राख निर्माण करणारी रसायने अधिक असतात. जासोने ही मर्यादा १.२ टक्के ठेवली आहे. त्याहून अधिक राखेचे थर पिस्टनच्या माथ्यावर जमतात. डब्यावर जासोची नोंद नसलेले ऑइल, मग ते कितीही नावाजलेले असो, मोटारसायकलीसाठी घेऊ नये. सुट्या ऑइलची तर खात्री करण्याचा मार्गच ग्राहकाजवळ नसतो.

डबा घेताना झाकणाखालचे सील, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहावी, पावती घ्यावी. जासोच्या चौकोनी खुणेत वर्गाबरोबर नोंदणीचा संकेतांकही असतो. नोंदणी झालेल्या ऑइलची यादी प्रसिद्ध केली जाते. डबा आपल्यासमोर उघडावा आणि रिकामा झाल्यावर त्याला छिद्र पाडावे. बनावट ऑइलच्या धंद्याला रिकामे, धड डबेच लागतात.

बदल कधी, पातळी कशी?

सिंथेटिक भरले म्हणजे दुप्पट अंतर चालवता येते, असे मानू नये. ऑइल केवळ उष्णतेने खराब होत नाही. धूळ, न जळलेले पेट्रोल आणि कमी अंतराच्या फेऱ्यांत साचणारे पाणी यांनीही ते निकामी होते. पुस्तिकेतील किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा ऑइल बदलावे; फिल्टरही सांगितलेल्या वेळी बदलावा. कच्च्या रस्त्यांवर आणि धुळीत गाडी वापरणाऱ्यांनी हे अंतर थोडे कमी केलेले बरे. ऑइल काळे पडले म्हणजे संपले, असेही नाही. मळ धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.

पातळी तपासताना गाडी सपाट जागी, सरळ उभी हवी. स्पोर्ट्‌स बाइकला बहुधा मधला स्टँड नसतो. बाजूच्या स्टँडवर पाहिलेली पातळी फसवी असते. एकाने गाडी सरळ धरावी, दुसऱ्याने काचेतून पाहावे. इंजिन गरम करून बंद केल्यावर पुस्तिकेत सांगितले असेल तेवढा वेळ थांबावे. ऑइल जास्त भरणेही घातक असते. त्यात फेस होतो आणि फेसाला वंगणाचे काम जमत नाही.

मेळघाटात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, मदतही दूर असते. म्हणून निघण्यापूर्वी पातळी पाहणे अगत्याचे. वाटेत ऑइल कमी आढळले आणि नेहमीचे मिळाले नाही, तर त्याच ग्रेडचे, जासो वर्ग जुळणारे दुसऱ्या कंपनीचे ऑइल घालता येते. इंजिन ऑइलच्या मानकांत एकमेकांत मिसळण्याची अट असते. खनिज आणि सिंथेटिकही एकत्र चालून जातात. कमी ऑइलवर घाट चढण्यापेक्षा हे केव्हाही सुरक्षित.

चुकीचे ऑइल भरून क्लच घसरू लागलाच, तर गाडी रेटू नये. ऑइल लगेच काढून योग्य ऑइल भरावे. वेळीच केले तर काही वेळा प्लेटा पूर्ववत पकड घेतात. जळल्या असतील, तर बदलाव्याच लागतात. डब्यामागे वाचलेल्या पैशांहून हा खर्च कितीतरी मोठा असतो.

जुने ऑइल जंगलात नको

इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये धातूचे कण आणि घातक रसायने असतात. सिपना आणि तापीच्या खोऱ्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या उंबरठ्यावर ते नाल्यात ओतणे हा अक्षम्य निष्काळजीपणा ठरेल. कायद्यानेही हा घातक कचरा आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या सुधारित नियमांनुसार वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. घरी ऑइल बदलणाऱ्यांनी ते जुन्या डब्यात भरून गॅरेज किंवा सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. डब्याला छिद्र पाडायचे ते त्यानंतर.

दुकानात जाण्यापूर्वी

- गाडीची पुस्तिका काढून ग्रेड, जासो वर्ग, एपीआय प्रत आणि ऑइलचे प्रमाण कागदावर लिहून घ्यावे.
- डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए२’ नसेल, तर पुस्तिकेने परवानगी दिल्याशिवाय तो घेऊ नये.
- ग्रेड पुस्तिकेतील तक्त्याप्रमाणेच निवडावी. ‘डब्ल्यू’च्या आधीच्या लहान आकड्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.
- एपीआयची प्रत सांगितलेली किंवा त्याहून नवी असावी.
- एवढे जुळल्यावर आपल्या इंजिनाचे काम आणि खिसा पाहून खनिज, सेमी की सिंथेटिक ते ठरवावे.
- ऑइलची पातळी दर आठवड्याला आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी पाहावी.

योग्य वर्गाचे मध्यम किमतीचे ऑइल वेळेवर बदलणाऱ्याची गाडी, चुकीच्या वर्गाचे सर्वांत महाग ऑइल भरणाऱ्याच्या गाडीपेक्षा सुखरूप धारणी गाठेल. दुकानदाराला ‘चांगले ऑइल द्या’ असे सांगण्याऐवजी कागदावरची तीन अक्षरे आणि दोन आकडे त्याच्यासमोर ठेवणे, एवढेच त्यासाठी करावे लागते.